जळका पदर

सुलभावहिनींनी माझा पदर उचलला. दोन बोटांत धरला, चोळून पाहिला आणि उलटा केला.

बायका साडी अशीच बघतात. आधी हात लावतात, मग मागची बाजू बघतात. विणकाम खरं की छापील, ते मागून कळतं. पन्नास वर्षं साड्या नेसणाऱ्या बाईला हे माहीत नसतं असं नाही. पण त्या संध्याकाळी मी ते विसरले होते.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या. "बी-सातशे तीन?"

कपड्यावर इस्त्रीवाला फ्लॅटचा नंबर लिहितो. काळी शाई, धुऊन जात नाही. मी लिंबू लावलं होतं, मीठ लावलं होतं, तीन दिवस उन्हात टाकली होती. शाई फिकी झाली. गेली नाही. मागच्या बाजूला आहे, कोण बघतंय, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

"हा तर आमचा नंबर," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "अहो, ही तर माझी साडी आहे."

क्लबहाउसमध्ये चाळीसेक माणसं होती. विरार पूर्वेला, चंदनसारच्या बाजूला आमचं कॉम्प्लेक्स. तिथल्या मुलांना मी शनिवार-रविवार इंग्रजी शिकवते. त्या दिवशी वर्गाचा वर्षाचा कार्यक्रम होता. मुलं ओळीत उभी, आईबाप खुर्च्यांवर, हातात मोबाइल. मी माइकजवळ. वहिनी पहिल्या रांगेत, कारण त्यांचे यजमान सोसायटीचे चेअरमन. माइक चालू होता. ती साडी कोणाची, ते सगळ्या हॉलला नीट ऐकू गेलं.

"आजी, ही तुमच्याकडे कशी आली?"

त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. ते खरं होतं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

मी म्हणाले, "मला भेट मिळाली."

"भेट? कोणी दिली?"

मी माइकची वायर बाजूला केली.

वहिनींनी मागे पाहिलं. भिंतीला टेकून हिरा उभी होती. हिरा त्यांच्याकडे आणि आणखी तीन घरी धुणंभांडी करायची. माहेर चिंचोटीचं, राहायला चंदनसारच्या मागच्या चाळीत. तिची मुलगी प्रणाली माझ्याकडे शिकायची, म्हणून ती कार्यक्रमाला आली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभी होती.

"हिरा रोज दुपारी तुमच्याकडे चहाला येते ना?" वहिनी म्हणाल्या. "मग बरोबर. मी म्हणतच होते, कपाटातलं सामान जातं कुठे."

हिराने माझ्याकडे पाहिलं. ती वहिनींकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी नजर खाली घातली. पदर सारखा केला. पिन लावली.

प्रणाली मुलांच्या ओळीत होती. तिच्या हातात भाषणाचा कागद होता. तिने त्याची घडी केली, आणखी एक केली, आणि मुठीत धरला. तिचं नाव पुकारलं गेलं नाही. मीच पुकारलं नाही.

अनया, ईशान, नातवंडांनो, तुम्ही विचारलंत की सोसायटीच्या मीटिंगच्या त्या फोटोत आजीचा पदर जळलेला का आहे. "आजी, तू तर किती टापटीप असतेस, साडी बदलली का नाहीस?" असं अनयाने लिहिलं. तुमच्या बाबांनी सांगितलं असेल, आजीचं डोकं फिरलंय. तसं नाही. सांगते.

आधी टापटिपीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी आई मिठागरात काम करायची. वसईच्या खाडीकाठी आमचं गाव. मिठाने पाय चिरायचे, म्हणून ती टाचांना तेलाच्या चिंध्या बांधायची. तिच्याकडे दोन लुगडी. एक अंगावर, एक दोरीवर. दोरीवरचं पेजेच्या पाण्यातून काढलेलं, ताठ, काठाला काठ जुळवलेलं. ती म्हणायची, "फाटका चालंल. मलका नाय."

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी माझी फी माफ केली. गणवेशही त्यांनीच दिला, वापरलेला. पाचवीत असताना एका मुलीने माझी कॉलर मागून उलटी केली आणि मोठ्याने वाचलं. आत शिवलेल्या पट्टीवर तिच्या बहिणीचं नाव होतं. वर्ग हसला. मी म्हणाले, "माझ्या मावशीने मुंबईहून पाठवलाय."

घरी येऊन रडले. आईला वाटलं मारलं कोणी. सगळं ऐकल्यावर तिला माझं रडणंच कळेना.

"चोरला नाय नं?" ती म्हणाली.

"नाय."

"मंग?"

एवढंच. ती भात शिजवायला लागली. तिचा तो 'मंग' मला कळायला सत्तावन्न वर्षं लागली.

कारण मी दुसरंच शिकले. इंग्रजी शिकले, टायपिंग शिकले, शॉर्टहँड शिकले, फोर्टमधल्या एका कंपनीत स्टेनो झाले. तिथे शिकले की माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी माणसाच्या कपड्यांकडे बघतात. साहेबांच्या केबिनमध्ये चुरगळलेली बाई गेली की तिला चहा घेऊन आलेली समजत. कडक घडीची बाई गेली की खुर्ची देत. मग मी कडक घडीची झाले. पगार होता तेवढाच राहिला.

कंपनी बंद पडली. तुमचे आजोबा गेले. राहिलं थोडंसं व्याज आणि क्लासची फी. तुमचे बाबा पाठवतो म्हणतात, मी नको म्हणते, ते वेगळं. पण साड्या मी चांगल्याच नेसत आले. हातमागाच्या, सुती, बारीक काठाच्या. कॉम्प्लेक्समधल्या बायका विचारायच्या, "आजी, कुठून घेता हो?" मी म्हणायची, "दादरला एक जुनं दुकान आहे." दुकानाचं नाव विचारलं की म्हणायची, "बोर्ड पडलाय त्याचा."

असं दुकान नव्हतं. मी साड्या घ्यायची तुळिंजला, फुटपाथवर, जमनाबाईकडून.

जमनाबाई बोहारीण. तुमच्याकडे हा प्रकार नसेल. ती डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन बिल्डिंगा फिरते. लोक जुने कपडे देतात, ती बदल्यात भांडं देते. चार साड्यांना एक डबा, असं काहीतरी. भांडण झाल्याशिवाय सौदा होत नाही. मग तेच कपडे ती रविवारी सकाळी तुळिंजच्या रस्त्याकडेला चादरीवर मांडते. चांगलं कापड दिसलं की माझ्यासाठी खाली दाबून ठेवते. "आजी, ये बघ," ती म्हणते, "शेठाणीने दोनदा पण नेसली नसंल. तुझ्याच अंगाची हाय."

साडी आणली की आधी मिठाच्या पाण्यात रात्रभर. मग दोन धुणी. विरली असेल तिथे रफू. धागा विकत आणायचा नाही, साडीच्याच आतल्या टोकाचा ओढून काढायचा, म्हणजे रंग जुळतो. मग भाताची पेज, गाळून, पातळ. अर्धवट ओली असतानाच ओढून घडी करायची आणि गादीखाली ठेवायची. दोन दिवसांत अशी होते की इस्त्री लाजेल. ब्लाउज मी घरी शिवते. चपलांचा जोड एकच, पण दर महिन्याला चांभाराकडे जाऊन येतो. हे सगळं मला येतं. याचा मला अभिमान होता. पण मी तो गादीखालीच ठेवला होता.

ती साडी पांढरट, मरून काठाची. पदर फार देखणा, पण त्यावर इस्त्रीचा डाग. तपकिरी, टोकदार, तळहाताएवढा. मधोमध कापड जळून भोक पडलेलं. म्हणूनच ती चादरीवर आली होती. मी ती उलटी फिरवली. जळका पदर आत कमरेला खोचायचा, आणि आतलं साधं टोक खांद्यावर आणायचं. फॉल उसवून दुसऱ्या बाजूला लावला. साध्या टोकाला मरून ब्लाउजपीसची पट्टी जोडून पदर केला. कोणाला कळलं नसतं. फक्त आतल्या टोकावर इस्त्रीवाल्याचा नंबर होता, तो आता पदराच्या मागे आला.

माझ्याच कॉम्प्लेक्सचा नंबर. बी-७०३. मला तो वाचता येत होता. तरी मी ती तिथेच नेसून गेले. फिकी झालेली शाई आणि पुढून देखणी बाजू, यावर मी विसंबले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संदेश आला. हिराचा फोटो आणि खाली, 'घरातल्या वस्तू सांभाळा.' दुपारपर्यंत तिची चारही घरं सुटली.

दुपारी ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही.

"मावशी, ती साडी मी तुमाला दिली?"

"नाही गं."

"मंग बोल्ला का नाय?"

मी काहीतरी सांगायला लागले. गोंधळ झाला, अचानक झालं, माइक चालू होता. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमची घडी मोडंल म्हनून ना?"

माझा हात पदराच्या पिनेवर गेला.

"माझ्या पोरीसमोर," ती म्हणाली. "पोरगी रातभर विचारते, आई तू घेतलीस का. माझी पोरगी मला विचारते."

ती जिना उतरून गेली. लिफ्ट होती. कामाच्या बायकांसाठी लिफ्ट नसते, असा आमच्याकडे नियम आहे. मी तो आठ वर्षं वाचत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मी दार लावलं आणि खुर्चीत बसले. समोर कपाट. बावीस साड्या, एकीवर एक, काठाला काठ. त्यातली एकही मी चोरलेली नव्हती. मग एका बाईच्या पोटावर पाय देण्याइतकी मी कशाला भीत होते? जुन्या कापडाला? फुटपाथला? वहिनींच्या भुवईला? वर्गात कॉलर उलटी केली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आता सदुसष्ट. तेच वाक्य. मावशीने पाठवला. भेट मिळाली. फरक इतकाच की तेव्हाच्या खोट्याने कोणाचं काही गेलं नव्हतं.

चोरला नाय नं? मंग?

मी उठले आणि तुळिंजला गेले. रविवार नव्हता. जमनाबाई तिच्या खोलीबाहेर भांडी मोजत बसली होती. साडी दाखवली. तिने बघितलीही नाही नीट.

"जळकी ना? तुमच्याच बिल्डिंगची. सातवा माळा. जाडी बाई, चष्मा. चार साड्या, साहेबाच्या दोन पँटी. तिला झाकणवाला मोठा डबा पायजे होता. मी बोलली, एवढ्यात येत नाय. तर बोलली, ही पण घे, जळली हाय पण कापड बघ कापड. घासाघीस, घासाघीस. माझं डोकं उठवलं."

"मीटिंगमध्ये येऊन सांगशील?"

तिने भांडी खाली ठेवली.

"आजी, तू मला चांगली हायस. पण तिथे बोलली तर मला परत गेटच्या आत घेतील काय? तुझ्या कॉम्प्लेक्सवर माझा महिना निघतो."

माझं काम दुसऱ्या एका बाईकडून करून घ्यायला मी निघाले होते. आधी माझ्या गप्प बसण्याची किंमत हिराने दिली, आता जमनाबाई देणार होती. मी तिला म्हटलं, "नको येऊस. तुझं नावही घेणार नाही."

त्या आठवड्यात रविवारी सोसायटीची मीटिंग होती. विषय पत्रिकेत लिहिलेला: कामाच्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासणे. शनिवारी दुपारी मी खिडकीशी बसले आणि फॉल परत उसवला. मूळ जागी लावला, बारीक टाक्यांनी. साडी पेजेतून काढली, गादीखाली ठेवली. रविवारी सकाळी नेसले. जशी विणणाऱ्याने विणली होती तशी. जोडलेली पट्टी आत कमरेला खोचली. जळका पदर खांद्यावर घेतला. चार घड्या सारख्या घातल्या, पिन लावली. डाग बरोबर छातीसमोर आला. भोकातून ब्लाउज दिसत होता.

आरशात पाहिलं. केस बसलेले, ब्लाउज बेतशीर, निऱ्या सुरीसारख्या. आणि समोर तो डाग.

लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. एक हळूच म्हणाली, "आजी, पदराला काहीतरी लागलंय." मी म्हटलं, "माहीत आहे."

मीटिंगमध्ये माझी बोलायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. चेअरमनसाहेब इंग्रजीत बोलत होते. कायद्याचं असलं की ते इंग्रजीत बोलतात. मला वाटलं असतं तर त्यांच्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत बोलले असते. मी मराठीत बोलले.

"वहिनी, तुमची चोरीला गेलेली साडी कशी होती?"

"आजी, तो विषय आता कशाला—"

"पत्रिकेवर तोच विषय आहे. कशी होती?"

"पांढरट. मरून काठ. नवीकोरी. तुम्हाला माहितीये."

"पदर चांगला होता?"

"चांगलाच असणार ना. नवीकोरी म्हणतेय मी."

मी पदर दोन हातांनी पसरून धरला. सगळ्यांना दिसेल असा.

"मग हे कोणी जाळलं?"

मग चेअरमनसाहेबच, चष्मा वर करत, अगदी सहज म्हणाले, "अरे, ही तर ती. इस्त्रीवाल्याशी मी भांडलो होतो ती. सुलू, तू ही डब्यावर घातलीस ना? आपला तो चपात्यांचा डबा—"

त्यांना थांबवायला वहिनींना उशीर झाला. मागे कोणीतरी हसलं. हॉल हसायला लागला. मला हसायचं नव्हतं. हिराची घरं गेली तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

मी म्हटलं, "ही साडी मी फुटपाथवरून घेतली. विकत. जुनी. माझ्या सगळ्या साड्या फुटपाथवरच्या आहेत. बारा वर्षं. दादरला दुकान नाही, ते मी खोटं सांगत होते. तुम्ही ज्या ज्या साडीला छान म्हणालात, ती प्रत्येक साडी तुमच्यासारख्या कोणीतरी टाकलेली होती. छान ती नंतर झाली. माझ्या हातांनी झाली."

कोणी मोबाइल वर धरला. तोच तुम्ही पाहिलेला फोटो.

"हिराने काही चोरलं नाही. त्या दिवशी मी हे सांगितलं असतं तर तिची घरं गेली नसती. मी लाजले म्हणून गेली. वहिनी, तुम्ही आरोप केलात आणि मी गप्प बसले. आपण दोघींनी मिळून केलं हे. माझी चूक मी इथे सांगितली. तुमची तुम्ही सांगा. ज्या ग्रुपवर तिचा फोटो टाकलात त्याच ग्रुपवर."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. चेहरा लाल. मला वाटलं, सांगतील.

"आजींचं वय झालंय," त्या म्हणाल्या. "थोडा गैरसमज झाला. विषय संपवूया."

विषय संपवला. ग्रुपवर दोन शब्द आले: मॅटर क्लोज्ड. हिराचा फोटो तसाच वर आहे, अजून. पिशव्या तपासायचा ठराव त्याच मीटिंगमध्ये मंजूर झाला. विरोधात हात वर करणारे आम्ही तिघं.

पुढच्या महिन्यात क्लबहाउसला रंग लावायचा म्हणून माझा वर्ग बंद केला. रंग अजून लागलेला नाही. मी आता माझ्या हॉलमध्ये सतरंजी टाकून शिकवते. एकोणीस मुलं होती, सात उरली.

हिराला दोन घरांनी परत बोलावलं. सातशे तीननेही बोलावलं, निरोप पाठवून. ती गेली नाही. ते काम सुटल्याने तिचं काय होतं ते मी तिला विचारू शकत नाही, कारण ती माझ्याकडे येत नाही. रस्त्यात भेटली तर थांबते. बोलते. पण "चहाला ये" म्हटलं की म्हणते, "बघू." मीटिंगचं तिला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "बोल्लां ते बरा केला. पन आठ दिस लागलं, मावशी." मी हिशेब चुकता केला असं तिला वाटत नाही. मलाही वाटत नाही.

एका शनिवारी प्रणाली एकटीच आली. वही छातीशी धरून दारात उभी.

"आईने पाठवलं," ती म्हणाली. "आई म्हणाली, इंग्लिश शिक. चहा पिऊ नको."

मी तिला पहिल्या ओळीत बसवलं. तिचं राहिलेलं भाषण आधी घेतलं. खणखणीत म्हटलं तिने. चहा मी तिला विचारला नाही.

आता गेटवरचं. कामाच्या बायका संध्याकाळी घरी जाताना वॉचमन त्यांच्या पिशव्या उघडून बघतो. डबा, जुनं वर्तमानपत्र, कोणी दिलेली भाजी. त्या रांगेत मी उभी राहते. रोज, साडेपाचला. कडक साडी, पिन लावलेली, हातात पिशवी. वॉचमनला अवघडल्यासारखं होतं. "आजी, तुम्ही नका ना." मी म्हणते, "बाईमाणूस आहे, पिशवी आहे, बघ." आणि उलटी करते. रुमाल, चष्म्याचं घर, खडूचा डबा. चेअरमनसाहेबांनी वर बोलावून सांगितलं, हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, बरं दिसायचं मी साठ वर्षं केलं. आता नियम आहे तोवर मी रांगेत आहे.

अनया, तू लिहिलंस की वाढदिवसाला आजीला नवी साडी घेऊन पाठवते. पाठवू नकोस. तू नोकरीच्या मुलाखतीला जुन्या कपड्यांच्या दुकानातला कोट घालून गेलीस आणि आईला म्हणालीस, आजीला सांगू नको, हे तुझ्या बाबांच्या तोंडून निसटलं. मला सांग. सगळ्यांना सांग. कोट स्वच्छ धू, बटणं घट्ट लाव, खांदे तुझ्या मापाचे करून घे आणि ताठ बस. पण कोणी विचारलं तर भेट मिळाली म्हणू नकोस. ते वाक्य आपल्या घरात दोनदा बोललं गेलंय. मीच बोलले. तिसऱ्यांदा कोणी बोलायचं नाही.

जळकं भोक मी रफू केलेलं नाही. धागा आहे, डोळे आहेत, करता येईल. करणार नाही.

परवा लिफ्टमध्ये बी विंगमधली एक नवी सून होती. लग्न होऊन महिनाही झाला नसेल. मी निळ्या काठाची नेसले होते. तिने पाहिलं, हसली. "आजी, किती सुंदर. कुठून घेतली?"

जुना शब्द जिभेवर आलाच. दादर. तो मी गिळला.

"तुळिंज," मी म्हटलं. "फुटपाथवर. आधी कोणाची तरी होती."

तिचा हात माझ्या पदराकडे निघाला होता. तो वाटेतच थांबला.

मी पदर खांद्यावरून काढला. स्वतःच उलटा केला आणि तिच्या हातात दिला.

"बघ," म्हटलं. "मागूनच बघ."